टायरमधली हवा काढायला कोण म्हणालं

फिलू,

टायरमधली हवा काढायला तू सांगितलंस, मी नाही. हे मी तुला त्या किनाऱ्यावर सांगितलं, परतीच्या बसमध्ये सांगितलं, दुबईच्या विमानात जेवणाचे ट्रे पुढ्यात असताना सांगितलं आणि त्यानंतर अल मनखूलच्या आपल्या बिल्डिंगमध्ये, लिफ्टमध्ये, तुझ्या दारात आणि माझ्या दारात सांगत राहिले. तू दर वेळी हसून म्हणायचीस, "शुभा, तुझं वय झालं. विसरतेस तू." आता तू गेलीस म्हणून मी हा मुद्दा सोडून देईन असं तुला वाटत असेल, तर ते डोक्यातून काढून टाक. गेलेल्या माणसाचं सगळं बरोबर असतं असं मानणाऱ्यांतली मी नाही, हे तुला चांगलं ठाऊक आहे.

महिना होत आला. मरीनामधल्या तुझ्या हॉटेलात, लिनन रूममध्ये, चादरींचे गठ्ठे लावून घेता घेता तू खाली बसलीस आणि अँब्युलन्स पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. तुला वसईला नेलं, माती तिथेच दिली. मी आले होते. उद्या इथल्या चर्चमध्ये तुझ्यासाठी मिस्सा आहे, त्यासाठी पास्कलभाऊजी आणि शेरॉन परत आलेत. काल संध्याकाळी तुमच्या घरी जे झालं ते तुला सांगायलाच हवं. एरवी मी समोरचं दार ठोठावून सांगितलं असतं. आता लिहावं लागतंय.

आधी लोक काय म्हणतात ते ऐक. सोशिक होती. शांत होती. कुणाला कधी उलटून बोलली नाही. वसईत तुझ्या जाऊबाई हे म्हणाल्या तेव्हा मी गप्प बसले, पाहुणी होते. पण इथली माणसंही तेच म्हणायला लागली, आणि त्यांना तर तू रोज भेटायचीस. अगं, पार्किंगवरून तू वॉचमन, मालक आणि मालकाचा भाचा या तिघांना एकाच दुपारी घाम फोडला होतास. तुझ्या हाताखालच्या मुली तुझी चाहूल लागली की आवरलेल्या पलंगावरची चादर पुन्हा ताणायच्या. ड्रायव्हिंग टेस्टला सातव्यांदा बसलीस तेव्हा परीक्षकालाच विचारलंस की तुम्ही कितव्यांदा पास झालात. माणूस गेलं की त्याला इस्त्री करून, घडी घालून कपाटात ठेवायची एवढी घाई लोकांना का होते, मला कळत नाही. मला याचा राग येतो आणि तो राग मी लपवणार नाही.

तर काल शेरॉनने मला लॅपटॉपवर कार्ड दाखवलं. मिस्सेला येणाऱ्यांना द्यायचं, आणि तोच फोटो मोठा करून वेदीपाशी ठेवायचा. फोटो तू व्हिसासाठी काढलेला होता. केस चापून बसवलेले, ओठ मिटलेले, नजर जरा भेदरलेली. खाली इंग्रजीत लिहिलेलं: अ क्वायट अँड जेंटल सोल.

"ही कोण?" मी विचारलं.

"मावशी, प्लीज," शेरॉन म्हणाली. "नॉट टुडे."

"दुसरा नाही का एखादा? तिच्या फोनमध्ये किती असतील."

शेरॉनने टेबलावरचा तुझा फोन उचलला, काहीतरी शोधलं आणि माझ्या तोंडासमोर धरला. "यू मीन धिस वन?"

तोच फोटो. तू गुडघाभर पाण्यात उभी. सलवार मांडीपर्यंत खोवलेली, अंगात पास्कलभाऊजींचं साइटवरचं जाड जाकीट, केस वाऱ्याने चेहऱ्यावर. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट माझ्याकडे. तोंड उघडं. मागे आपली पांढरी व्हॅन, अर्धी वाळूत, अर्धी समुद्रात. मी फोटो काढला त्या क्षणी तू ओरडत होतीस, "फोटो काय काढतेस, ढकल."

"यू बोथ टोल्ड मी इट वॉज अ बस टूर," शेरॉन म्हणाली. "ममाला बीपी होतं, मावशी. शी वॉज ऑन टॅब्लेट्स. आणि तू तिला हे करू दिलंस? थंडीत? समुद्रात?"

छातीतलं दुखणं कुठून आलं ते डॉक्टरांना नीट सांगता आलं नाही, पण आपल्या तिसऱ्या मजल्याला लगेच कळलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या थंडीतून आलं. मला बघून कुजबुज थांबायची, त्यावरून मला ते समजलं होतं. पण शेरॉनच्या तोंडून ते ऐकणं निराळं. तिला मी लहानपणी भात भरवलाय. पास्कलभाऊजी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून बाहेर बघत होते. त्या घरात आता मला पुन्हा बोलावतील की नाही हे त्या कार्डावर ठरणार आहे असं मला वाटलं. तरी मी माफी मागितली नाही. तुला 'करू देणारी' मी कोण? तुला कुणी कधी काही करू दिलं होतं का? तू करायचीस आणि मग कळवायचीस.

"बस," मी शेरॉनला म्हटलं. "सगळं सांगते. ऐकून झालं की मग तू ठरव कुठला फोटो."

तिला जे सांगितलं ते तुलाही सांगते, कारण तुझ्या तोंडी ही गोष्ट नेहमी वेगळीच असायची.

शेरॉनच्या डिग्रीचा समारंभ मेलबर्नला, जुलैत. पास्कलभाऊजींना रजा मिळाली नाही. तू माझ्या दारात उभी राहून म्हणालीस, "शुभा, यल्ला, तू चल. सुधीरला वरण-भात येतो की." माझ्या नवऱ्याला वरण-भातसुद्धा येत नाही हे तुला माहीत होतं. समारंभानंतर शेरॉनची नवी नोकरी सुरू होणार होती, म्हणून तिने आपल्याला किनाऱ्याने फिरवणारी बसची टूर सुचवली. तिच्या खोलीत बसून तू त्या टूरचा दर आधी दिरहममध्ये केलास, मग रुपयांत मोठ्याने म्हणालीस, आणि म्हणालीस की एवढ्यात माझ्या भावाच्या वाडीत विहीर होते. शेरॉन कामाला गेल्यावर तू सगळ्यात स्वस्त व्हॅन भाड्याने ठरवलीस. तंबू तर तू दुबईहूनच बॅगेत घालून आणला होतास. म्हणजे हे तुझ्या मनात आधीपासून होतं.

मी म्हटलं, या वयात तंबू? तेव्हा तू जे बोललीस ते मी शेरॉनला जसंच्या तसं सांगितलं. तू म्हणालीस, "इतकी वर्षं दुसऱ्यांच्या खोलीतल्या चादरी बदलल्या. मला एकदा अशा जागी झोपायचंय जिथे चादरच नसेल."

मी व्हॅनमध्ये बसले.

बोंबील विमानतळावरून कसे सुटले ते शेरॉनला माहीत नव्हतं. मेलबर्नला उतरल्यावर कस्टमच्या बाईने बॅग उघडायला लावली आणि तू ताठ मानेने म्हणालीस, "फिश, मॅडम. ड्राय. फॉर डॉटर." मी लाजेने दुसरीकडे बघत होते. ती बाई वाकली, वास घेतला, डोळे मिटले आणि तुझे सुके बोंबील परत बॅगेत ठेवले. मग माझी पर्स उघडली आणि कागदात गुंडाळलेला माझा ताजा कढीपत्ता पिवळ्या डब्यात टाकला. झाडाचं पान त्यांच्या देशात चालत नाही. तुझे बोंबील सुटले आणि माझा कढीपत्ता गेला, यावर तू मेलबर्न शहर येईपर्यंत हसत होतीस. लेकीला त्यातले थोडेच दिलेस. बाकीचे व्हॅनमध्ये आले.

थंडीचं म्हणशील तर आपल्याला कल्पना होती, असं लोकांना सांगायला मला आवडेल. खरं तर जुलैत दुबईत नळाला इतकं गरम पाणी येतं की गार पाण्यासाठी गीझर बंद करून त्यातलं पाणी वापरायचं. तिथून निघालेल्या माणसाला थंडीची भीती कशी वाटणार? तू म्हणालीस, "थंडी असेल तर चांगलंच आहे की, पैसे देऊन एसी लावतो आपण." तंबूही तू हौसेने दाखवलास. अख्खी थंडी तुम्ही तो दुबईबाहेर उम्म अल क्वैनच्या वाळूत वापरला होता, फर्स्टक्लास होता, वारा छान खेळायचा. खेळणारच, कारण त्याचं छप्पर जाळीचं होतं. इथल्या दुकानात मिळतो तो, वाळवंटात झोपायचा तंबू. वर आभाळ दिसतं. पहिल्याच संध्याकाळी त्या दक्षिणेच्या समुद्राकडून पाऊस आला आणि आत झोपलेल्या मला ते आभाळ तोंडावर मिळालं.

मी भिजून व्हॅनमध्ये आले तेव्हा तू सीटवर आडवी झाली होतीस. मी म्हटलं, "फिलू, छप्पर जाळीचं आहे." तू म्हणालीस, "मग? तुला आभाळ बघायचं होतं ना?" मला आभाळ बघायचं नव्हतं. ते तुला बघायचं होतं. उरलेल्या सगळ्या मुक्कामांत आपण दोघी एका सीटवर पाय दुमडून बसल्या बसल्या झोपलो.

शेरॉन इथे पहिल्यांदा खुर्चीत नीट बसली. "आणि मला रोज मेसेज यायचा, होटेल व्हेरी नाइस," ती म्हणाली.

"ते तुझी आई लिहायची. मी फक्त पांघरूण ओढायचे."

गाडी आपण आळीपाळीने चालवत होतो. दोघीही दुबईत उजव्या बाजूला शिकलेल्या, तिथे डावीकडून चालायचं. प्रत्येक वळणावर सिग्नल द्यायला गेलं की समोरचे वायपर सुरू व्हायचे. कोरड्या उन्हात वायपर फिरवत आपण त्या सुंदर किनाऱ्याने गेलो आणि मागचे लोक भोंगे वाजवत राहिले. तू खिडकी खाली करून प्रत्येकाला हात दाखवायचीस. त्यांना वाटायचं आभार मानतेय.

मग ते कॅम्पमधलं सामाईक स्वयंपाकघर. बाहेर थंडी, सगळे पाहुणे आत येऊन आपापलं काहीतरी शिजवत होते. तू म्हणालीस, आज गरम भात आणि बोंबील. मी नको म्हटलं होतं, हे तरी मान्य कर. तू तवा तापवलास, बोंबील टाकले, आणि दोनच मिनिटांत छताला लावलेला फायर अलार्म कोकलायला लागला. चाळीस-पन्नास माणसं पावसात बाहेर. एका बाईच्या केसांत शांपू होता. आणि तू, जी हॉटेलात पाहुण्यांना फायर ड्रिलची शिस्त शिकवायचीस, तू तवा हातात घेऊन सगळ्यांच्या शेवटी बाहेर आलीस, कारण बोंबील करपले असते. मॅनेजर धावत आला. त्याला तू प्रोफेशनल आवाजात म्हणालीस, "सर, युवर अलार्म इज व्हेरी गुड. फास्ट रिस्पॉन्स." त्याने तुला थँक यू म्हटलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते, फिलू, मला हसू आवरत नव्हतं आणि मला तुझ्यावर रागवायचं होतं.

शेरॉन हसली. हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडायला लागली. मी थांबले नाही. थांबले असते तर मीही रडले असते, आणि आता तर किनारा यायचा होता.

त्या लहान गावाजवळ किनारा असा होता की गाड्या थेट वाळूवर नेता येतात. लोक कुत्री घेऊन आले होते, गाड्यांना टेकून कॉफी पीत होते. ओली वाळू घट्ट होती, अगदी रस्त्यासारखी. जिथे सगळे थांबले होते तिथे आपणही थांबलो असतो तर ही गोष्टच झाली नसती. पण तुला माणसं नको होती. आपण पुढे गेलो, आणखी पुढे गेलो, वाळू मऊ होत गेली. मग कुणीतरी म्हणालं, थांब, हवा काढू या.

आता हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. वाळवंटात गाडी घालायची तर आधी टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे चाक पसरतं आणि वाळूत रुतत नाही. पास्कलभाऊजी दर थंडीत करतात. बाहेर पडलं की पहिल्याच पंपावर हवा भरून घेतात. तिथे पंप नव्हता. हवा भरायचं यंत्र नव्हतं. व्हॅनची दोनच चाकं जोर लावणारी होती. हे सगळं आपल्याला ठाऊक होतं आणि तरी आपण खाली वाकून केसांच्या पिनेने वॉल्व्ह दाबत बसलो, पुढची दोन तू, मागची दोन मी, दुबईहून आलेल्या दोन तज्ज्ञ बायका. हवा काढली, गाडी सुरू केली आणि व्हॅन पोट टेकून तिथेच बसली.

तोवर समुद्र आला. आपल्या इथला समुद्र कधी चढतो, कधी उतरतो, पाय भिजेपर्यंत कळत नाही. तो समुद्र आवाज करत येत होता. मी घाबरले होते, खरोखर घाबरले होते. तू जाकीट चढवलंस, सलवार खोवलीस आणि व्हॅनच्या मागे जाऊन उभी राहिलीस. मी फोटो काढला, कारण माझ्या मनात आलं की आपण वाचलो नाही तर निदान कुणाची चूक होती ते लोकांना कळावं.

एक म्हातारे गृहस्थ जीप आणि दोर घेऊन आले. मागे कुत्रं. व्हॅनकडे, पाण्याकडे आणि आपल्याकडे बघून म्हणाले, "व्हेअर यू फ्रॉम, लेडीज?"

"दुबई," तू म्हणालीस.

"दुबई? देन यू शुड नो सँड."

"वी नो सँड, सर," तू म्हणालीस. दात वाजत होते तुझे. "युवर सी इज द प्रॉब्लेम."

ते इतके हसले की कुत्रं भुंकायला लागलं. त्यांनी दोर लावून व्हॅन ओढली, घरी नेलं, त्यांच्या बायकोने सूप दिलं. इंजिनात खारं पाणी गेलं होतं, व्हॅन कंपनीची माणसं येऊन घेऊन गेली. आणि आपण परत कसे आलो ते मी शेरॉनला अगदी सावकाश सांगितलं. बसने. दिवसभर त्या किनाऱ्याने, मोठ्या काचेतून समुद्र बघत, बसने.

"सो इट वॉज अ बस टूर," शेरॉन म्हणाली.

"आम्ही तुला खोटं कुठे सांगितलं?"

त्या बसमध्ये तू ओलं जाकीट मांडीवर घेऊन बसली होतीस. अर्धाच किनारा झाला होता. म्हणालीस, "उरलेला पुढच्या जुलैत." मी म्हटलं, आधी मान्य कर हवा काढायला तू सांगितलंस. तू म्हणालीस, मी? आणि तिथून जे सुरू झालं ते तुझ्या त्या शेवटच्या सकाळपर्यंत चाललं. कामावर निघताना लिफ्टचं दार बंद होता होता तू म्हणाली होतीस, "मागची दोन तू काढलीस, लक्षात ठेव."

शेरॉनने डोळे पुसले आणि मला विचारलं, "बट मावशी, व्हाय? एवढे महिने? एका टायरवरून?"

तिला मी काही उत्तर दिलं नाही. तुला देते, कारण हे मी तुला कधी बोलले नाही. करोनात माझे बाबा गेले तेव्हा विमानं बंद होती. फोनवर भावाने स्मशान दाखवलं आणि नेट गेलं. मी दार उघडून बसले होते. समोर तू तुझ्या दारात खुर्ची टाकलीस, तोंडाला मास्क, मध्ये सगळा पॅसेज. मला वाटलं आता ही सांत्वन करणार. तू विचारलंस, "शुभा, तुमच्यात आमटीत गूळ कशाला घालतात गं? चव बिघडते." मी चिडले. मग आपण दोघी संध्याकाळभर पॅसेजच्या दोन टोकांवरून गुळावर भांडलो, वरच्या मजल्यावरचे लोक डोकावून गेले. रडू मला दुसऱ्या दिवशी आलं, पण तोवर मी जेवले होते. मी तुला त्याबद्दल कधी थँक यू म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, कशाबद्दल, गूळ वाईटच लागतो. फिलू, थँक यू. आणि गूळ वाईट लागत नाही.

शेरॉनच्या प्रश्नावर पास्कलभाऊजी खिडकीपासून उठले. तुझा फोन हातात घेतला, फोटो लांब धरून पाहिला, चष्मा लावून पुन्हा पाहिला.

"माझं जाकीट," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "शुभा, एक बोलू? मला सगळं माहीत होतं. रोज फोन करायची ती. बोंबील, अलार्म, तो म्हातारा, सगळं. हसून हसून बोलायची. तुझ्यासोबत होती म्हणून मला टेन्शन नव्हतं."

"हवेचं पण सांगितलं?"

ते थोडे घुटमळले. "हो. त्याच दिवशी. म्हणाली, पास्कल, हवा काढायला मीच बोलले, शुभा बिचारी नको नको म्हणत होती. पण तिला बोलू नकोस हां. मी मान्य केलं तर ती विषय खलास करेल. तिला भांडायला कोणीतरी लागतं."

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचा टीं टीं आवाज तेवढा येत होता.

"सो यू विन, मावशी," शेरॉन म्हणाली. हे ती प्रेमाने म्हणाली. तिला वाटलं मला बरं वाटेल.

मला बरं वाटलं नाही. एवढे महिने मी जे म्हणत होते ते खरं निघालं. जिंकून मी काय करू? उद्यापासून लिफ्टमध्ये कुणाला काय सांगू? समोरचं दार उघडून कोण म्हणणार, शुभा, तुझं वय झालं? मला तुझी फार आठवण येते, फिलू. इतकी की मला तुझा संताप येतो. तू मला जिंकवून गेलीस, आणि हे मी चालवून घेणार नाही.

"नाही," मी म्हटलं. "ती तुम्हाला खोटं बोलली, भाऊजी. मला वाचवायला. हवा काढायला मी सांगितलं होतं. ती नको म्हणत होती."

पास्कलभाऊजींनी शेरॉनकडे पाहिलं. शेरॉनने माझ्याकडे पाहिलं. "मावशी, बट जस्ट नाउ यू सेड..."

"मघाशी विसरले होते. वय झालं माझं."

शेरॉनने लॅपटॉप पुढे ओढला. तो व्हिसाचा फोटो काढून टाकला, पाण्यातला लावला. खालची ओळ पुसली. "इथे काय लिहायचं?" तिने विचारलं. मराठीत विचारलं.

"काही नको," मी म्हटलं. "नाव लिही. बाकी तोंडावर दिसतंय."

उद्या वेदीपाशी तू गुडघाभर पाण्यात उभी असशील, सलवार खोवून, तोंड उघडं, बोट समोरच्या बाकाकडे. त्या बाकावर मी बसणार आहे. तिसऱ्या मजल्याने काय कुजबुजायचं ते कुजबुजू दे. आणि उरलेला अर्धा किनारा मी करणार आहे, या जुलैत. सुधीर म्हणाला, एकटी? मी म्हटलं, हो. शेरॉन मागून म्हणाली की मला वीकेंडला सुट्टी असते. या वेळी छप्पर असलेला तंबू घेणार आहे, कढीपत्ता वाळवून नेणार आहे.

वर सुरुवातीला मी उलटं लिहिलंय, ती जुनी सवय. खोडत नाही. पण खरं हे आहे: हवा काढायला मी सांगितलं, फिलू. मीच. तू नको नको म्हणत होतीस. आता तुला काय बोलायचंय ते बोल. मी मान्य करणार नाही.

तुझी
शुभा